साडेसत्तावीस लाख आणि बावन्न खेळ: गोव्यातील एका नाट्यमंडळाच्या चित्रपटाचे प्रकरण

पार्श्वभूमी

डिचोली तालुक्यातील एका गावच्या हौशी नाट्यमंडळाने २०१८ साली एक चित्रपट काढला. त्या चित्रपटाचे पुढे काय झाले, याची ही नोंद आहे. मंडळाचे, गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. प्रस्तुत लेखक मंडळाचा खजिनदार होता आणि हिशेबाची वही त्याच्याकडेच होती, त्यामुळे खाली दिलेले आकडे त्या वहीतले आहेत आणि मतेही बऱ्याच अंशी त्या वहीतूनच आलेली आहेत.

गोव्यात चित्रपट काढणाऱ्याने आधी डोकी मोजावीत. २०११च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार भरली, म्हणजे मुंबईच्या एखाद्या मोठ्या उपनगराइतकी. त्यातील सुमारे ६६ टक्के लोकांनी मातृभाषा कोंकणी सांगितली, तर सुमारे ११ टक्क्यांनी मराठी. मात्र या टक्केवारीने गोव्यातल्या मराठीचे खरे चित्र उभे राहत नाही, कारण इथे घरात कोंकणी बोलणारा माणूस सकाळी मराठी वर्तमानपत्र वाचतो, देवळात मराठी भजन म्हणतो आणि जत्रेत मराठी नाटकात काम करतो. तिकीट काढणारा प्रेक्षक यांतल्या कोणत्या खान्यात बसतो, हे ठरवताना भलेभले चुकतात. आम्हीही चुकलो.

इथल्या चित्रपटाचा इतिहास तसा जुना आहे. पहिला कोंकणी चित्रपट २४ एप्रिल १९५० रोजी झळकला आणि तो दिवस आजही कोंकणी चित्रपट दिन म्हणून पाळतात. त्यानंतर मात्र वर्षानुवर्षे एखाद-दुसरा चित्रपट निघे आणि पुन्हा शांतता पसरे. मधल्या काळात, विशेषतः २००० नंतर, तियात्र (गोव्याचे कोंकणी संगीतनाट्य) आणि घरगुती कथापट व्हीसीडीवर खपत असत आणि त्या धंद्यावर काही मंडळींची चूल चालत असे. मोबाइलवर फुकट पाहण्याची सोय झाल्यावर तोही आटला. २००४पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव कायमचा गोव्यात आला, गोवा मनोरंजन संस्था स्थापन झाली, पणजीत मल्टिप्लेक्स उभे राहिले. २००९ साली ‘पलतडचो मुनिस’ला टोरांटोच्या महोत्सवात समीक्षकांचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर काही वर्षांनी ‘नाचूं-या कुंपासार’ने नेहमीच्या चित्रपटगृहांची वाट न धरता सभागृहे भाड्याने घेऊन तिकिटे लावली आणि ती खपवून दाखवली. ही दुसरी घटना आमच्या मंडळातील प्रत्येकाला माहीत होती. तरीही अंदाजपत्रक बसवताना ती कोणालाही आठवली नाही.

मंडळ, कथा आणि पैसा

मंडळात चौदा जण होते. दिग्दर्शक माध्यमिक शाळेतील शिक्षक होते, सगळे त्यांना सर म्हणत, आणि वीसेक वर्षे ते जत्रेची नाटके बसवत आले होते. कथा त्यांचीच होती: उत्सवी नाटकात आयुष्यभर पडद्याआडून इतरांना वाक्ये पुरवणारा एक प्रॉम्प्टर, ज्याची दृष्टी अधू होत चालली आहे आणि जो ते कोणाला कळू देत नाही. त्याच्या घरातले सगळे बोलणे कोंकणीत आणि रंगमंचावरचे सगळे मराठीत, अशी त्या कथेची घडणच होती.

अंदाजपत्रक २८ लाखांचे झाले. त्यापैकी १५ लाख गावातील एका ट्रकमालकांनी तीन हप्त्यांत द्यायचे कबूल केले, ७ लाख मंडळाच्या सभासदांनी आपापसांत जमवले आणि ६ लाखांचे कर्ज सरांनी स्वतःच्या पगारावर पतसंस्थेतून काढले. ट्रकमालकांना गावात सगळे भाई म्हणत. भाईंचे नाटकवेड जुने होते. खाण जोरात होती तेव्हा मंडपापासून ऑर्गनवाल्याच्या मानधनापर्यंत त्यांनी कितीतरी वेळा खर्च उचलला होता.

चित्रीकरण जानेवारी-फेब्रुवारी २०१८मध्ये झाले. मुंबईहून कॅमेरा, लाईट्स आणि त्यांच्याबरोबर येणारी माणसे असे युनिट आणले. अठरा दिवस धरले होते, लागले बावीस. या चार दिवसांचे कारण सांगण्याजोगे नाही. रात्रीच्या जत्रेचे दृश्य आम्हाला वाटले तितके सोपे नव्हते, इतकेच. चित्रीकरण संपले तेव्हा वहीत खर्च पडला होता साडेएकवीस लाख.

अडचण

दिग्दर्शकांनी संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित करायचे ठरवले होते. नाटकाच्या नटाला डबिंगच्या खोलीत उभे केले की त्याचा आवाज लाकडी होतो, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण ज्या घरात चित्रीकरण झाले ते खनिज वाहतुकीच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होते. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत खनिजाचे ट्रक, म्हणजे टिप्पर, जात आणि ध्वनिमुद्रक कानावरचा हेडफोन काढून हात वर करी. त्यांतले काही टिप्पर भाईंचेच होते. निम्म्याहून अधिक संवाद वापरता येणार नाहीत, असे चित्रीकरणाच्या दुसऱ्या आठवड्यातच स्पष्ट झाले.

७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि १५ मार्चनंतर उत्खनन बंद करण्यास सांगितले. रस्ता शांत झाला. पण तो शांत झाला तेव्हा आमचे चित्रीकरण संपलेले होते. भाईंचा तिसरा हप्ता मार्चअखेर यायचा होता. सर आणि मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते ओसरीवर बसले होते आणि अंगणात तीन टिप्पर एकापाठोपाठ एक लावलेले होते. ते म्हणाले, “सर, गाडयो दारांत उब्यो आसात. बँकेचो हप्तो कसो भरूं, तें तुमीच सांगात.” आम्ही पैशांचा विषय काढलाच नाही. चहा घेऊन परत आलो.

हाती आलेले २३ लाख आणि झालेला खर्च साडेएकवीस, म्हणजे शिल्लक दीड लाख. संकलन, डबिंग, ध्वनिमिश्रण, रंगसंस्कार, डीसीपी (चित्रपटगृहात लागणारी डिजिटल प्रत) आणि सेन्सॉर यांसाठी सहा लाख लागणार होते. जाहिरात आणि वितरण यांसाठी अंदाजपत्रकात एकही ओळ नव्हती. याचा दोष भाईंवर टाकता येणार नाही, कारण तिसरा हप्ता वेळेवर आला असता तरीही चित्रपट डब्यात तयार होऊन तिथेच राहिला असता. आमचे अंदाजपत्रक शेवटच्या शॉटपाशी संपत होते.

समोरचे पर्याय

मे २०१८मध्ये मंडळाची बैठक झाली आणि चार वाटांची चर्चा झाली.

पहिली वाट सरकारी अर्थसाहाय्याची होती. राज्यात त्यासाठी योजना आहे आणि अनेक गोमंतकीय चित्रपट तिच्या आधाराने उभे राहिले आहेत. परंतु अर्ज, छाननी आणि मंजुरी यांतून पैसा हाती केव्हा पडेल याचा नेम धरून डबिंगची तारीख ठरवता येत नाही. अर्ज करावा, पण त्या भरवशावर बसू नये, असे ठरले.

दुसरी वाट मुंबईच्या एका वितरकाची होती. त्याने चित्रपटाचा कच्चा भाग पाहिला, त्याला तो आवडलाही. पण घरातील कोंकणी संवाद प्रमाण मराठीत डब करावेत आणि टीव्हीवरचा एखादा ओळखीचा विनोदी नट घेऊन तीन दृश्ये नव्याने घ्यावीत, अशी त्याची अट होती. काही सभासदांना ही अट मान्य होती. सर एकच वाक्य बोलले: हा प्रॉम्प्टर घरीसुद्धा मराठी बोलायला लागला, तर त्याला प्रॉम्प्टर व्हायची गरजच काय? त्यावर कोणाकडे उत्तर नव्हते.

तिसरी वाट आणखी कर्ज काढण्याची होती. चौथी सुचवली ती मंडळातील सर्वांत तरुण सभासदाने, जो नाटकाच्या सुपाऱ्या, म्हणजे ठरावीक रकमेवर खेळांचे करार, ठरवण्याचे काम करी. त्याचा मुद्दा असा होता की, खाण बंद पडल्यामुळे आपल्यासारखीच गावोगावची उत्सव मंडळेही अडचणीत आहेत; वर्गणी घटली आहे, बाहेरचे नाटक आणणे त्यांना परवडत नाही, पण उत्सवात एक रात्र काहीतरी करायलाच हवे. नाटकाच्या खर्चाच्या अंशात त्यांना चित्रपट मिळाला, तर ते घेतील. ज्या घटनेने आमचा हप्ता बुडाला, तिनेच आमचे गिऱ्हाईक तयार केले होते, आणि हे त्या बैठकीत फक्त त्यालाच दिसले.

काय केले

तिसरी आणि चौथी वाट एकत्र करण्यात आली. सरांनी आणखी दोन लाखांचे कर्ज घेतले. वीस उत्सव मंडळांकडून प्रत्येकी पाच हजारांचा विडा, म्हणजे सुपारीची आगाऊ रक्कम, घेतला, त्याचे एक लाख झाले. ध्वनीच्या स्टुडिओने दीड लाख चित्रपट चालल्यावर घ्यायचे मान्य केले. एकूण खर्च अखेर साडेसत्तावीस लाखांवर थांबला.

डबिंग पावसाळ्यात झाले. त्यानंतरची दोन कामे मात्र आमच्या अज्ञानामुळे लांबली. एका दृश्यात अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या आणि दुसऱ्यात म्हातारा मांजराला दूध घालीत होता. चित्रपटात प्राणी दाखवायचा तर चित्रीकरणापूर्वीच प्राणी कल्याण मंडळाची परवानगी घ्यावी लागते, आणि हा नियम घरच्या कोंबडीलाही लागू होतो, हे आम्हाला सेन्सॉरचा अर्ज भरताना कळले. कोंबड्या कापून काढता आल्या, म्हणजे संकलनात. मांजराचे दृश्य गेले ते गेलेच, आणि माझ्या मते चित्रपटातील ते सर्वांत बोलके दृश्य होते.

दुसरे काम अर्जातील एका रकान्याचे: चित्रपटाची भाषा. संवादांपैकी निम्म्याहून अधिक कोंकणीत होते. तरीही मराठी लिहावे असा कौल पडला, कारण डोळ्यांपुढे महाराष्ट्राची बाजारपेठ होती. गोव्यात हा प्रश्न कधीच निव्वळ भाषेचा राहत नाही. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या सरकारी वापराची तरतूद केली, पण त्याने दोन्ही बाजूंची दुखरी जागा भरून आली असे नाही. आम्ही ‘मराठी’ लिहिले आणि त्याबरोबर राष्ट्रीय पुरस्कारांतील कोंकणी चित्रपटाच्या विभागाचे दार स्वतःच्या हाताने लावून घेतले. त्या विभागात चढाओढ थोड्यांची असते. मराठीत आमच्यापुढे मुंबई-पुण्याचे वर्षभराचे पीक उभे होते.

जानेवारी २०१९मध्ये प्रमाणपत्र मिळाले आणि फेब्रुवारीत पणजीत एका पडद्यावर दिवसाला दोन खेळ, असा एक आठवडा मिळाला. १ जानेवारीपासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील जीएसटी १२ टक्के झाला होता, म्हणून तिकीट करासह शंभरच ठेवले. त्यातून कर वजा जाता ८९ रुपये उरत आणि त्यातील निम्मे चित्रपटगृहाचे. म्हणजे एका प्रेक्षकामागे आमच्या हाती ४५ रुपयेही येत नसत, आणि त्यातून प्रत्येक खेळामागे डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क वेगळे जाई. चौदा खेळांना ११२६ माणसे आली. सर्व वजा जाता ३९ हजार उरले. त्या आठवड्यातील बुधवारी दुपारी प्रेक्षागृहात नऊ माणसे होती आणि त्यांपैकी चार आमची होती.

गावातील पहिला खेळ

मार्च २०१९मध्ये पहिला सुपारीचा खेळ एका देवळाच्या मंडपात लागला. सुपारी बारा हजारांची होती, म्हणजे मल्टिप्लेक्समधील सुमारे २७० प्रेक्षकांएवढी, आणि ती खेळापूर्वीच ठरलेली. पडदा, प्रोजेक्टर आणि टेम्पो यांचा खर्च साडेतीन हजार. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून साडेसातलाच सुरुवात केली. उत्तररात्री नाटक बघायला सरावलेल्या गावाला ती वेळ जेवणाच्याही आधीची वाटली.

पहिली दहा मिनिटे संगीत आणि शीर्षके व्यवस्थित गेली. त्यानंतर पडद्यावरची म्हातारी बोलू लागली आणि मंडपात ऐकू आले ते फक्त रातकिडे आणि लांबून येणारी पेटी. पुढचे पात्र बोलले, तेही मुकेच. ध्वनिमिश्रण चित्रपटगृहासाठी ५.१ पद्धतीने केलेले होते. त्यात संवाद मधल्या चॅनेलवर असतात. आमच्या फाइलमधले सहाही चॅनेल सुटे होते आणि मंडपाच्या यंत्रणेला त्यांतले डावे-उजवे दोनच पोहोचत होते. मागून कोणीतरी ओरडले, “प्रॉम्प्टर खंय गेलो?” आणि सगळा मंडप हसला.

त्या रात्री मंडळातील सहा नट हजर होते. त्यांच्यापैकी एकीने सूत्रसंचालकाचा माईक उचलला आणि पडद्याकडे बघत म्हातारीचे संवाद म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्याने तिच्या शेजारी उभे राहून मुलाचे म्हटले. डबिंग करून सगळ्यांची वाक्ये पाठ होतीच. संगणकाशी झटणाऱ्या मुलाला मधला चॅनेल दोन्ही बाजूंना वळवता येईपर्यंत बारा मिनिटे हा प्रकार चालला. खेळ संपल्यावर देवस्थानच्या अध्यक्षांनी उरलेले सात हजार मोजून दिले आणि विचारले, पुढच्या वेळीही तसेच म्हणून दाखवाल का.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन वेगळे स्टिरिओ मिश्रण करून घेतले. त्याचे पैसे स्टुडिओने घेतले नाहीत.

फलित

मे २०१९पर्यंत १९ खेळ झाले, चतुर्थी आणि नवरात्रात ६, आणि नोव्हेंबरपासून मार्च २०२०पर्यंत २७. शिवाय साखळी, फोंडा, कुडचडे अशा ठिकाणी सभागृहे घेऊन स्वतःच तिकीट लावून ९ खेळ केले. २०२०चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. त्यासाठी तीन गावांचा विडा घेतला होता आणि नेमकी त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागू झाली. पंधरा हजार रुपये परत केले आणि खेळ थांबले ते थांबलेच.

सुपारीच्या बावन्न खेळांतून खर्च वजा जाता ३ लाख ९० हजार, स्वतःच्या नऊ खेळांतून २ लाख १० हजार, मल्टिप्लेक्सचे ३९ हजार: एकूण ६ लाख ३९ हजार. त्यातील एक लाख विड्याच्या रूपाने आधीच खर्ची पडले होते. स्टुडिओचे दीड लाख फेडले, उरलेले कर्जात भरले. सरांच्या नावावर मुद्दलातले ४ लाख ११ हजार राहिले, व्याज वेगळे. भाईंचे दहा लाख आणि सभासदांचे सात लाख यांतला एक रुपयाही परत गेला नाही. चित्रपट अमुक गावांत गाजला, वर्तमानपत्रांत चांगले लिहून आले, हे खरे आहे. पण हिशेबाच्या वहीत त्याला रकाना नाही.

वेगळे काय करता आले असते

या प्रकरणाची चर्चा होते तेव्हा ऐन वेळी पैसा आटला, टाळेबंदी आली, अशी कारणे पुढे येतात. ती खरी आहेत, पण दुय्यम आहेत. माझ्या मते मूळ चूक २०१७च्या अंदाजपत्रकात होती. आपल्याला खेळ किती मिळतील आणि एका खेळाचे हाती काय उरेल, हा हिशेब आधी मांडला असता तर निष्कर्ष सरळ होता: वर्षभरात साठ-सत्तर खेळ आणि खेळामागे सात-आठ हजार, म्हणजे पाच लाखांच्या आसपास. टाळेबंदी नसती आणि दोन वर्षे फिरलो असतो, तर दहा-अकरा. या वाटेवर अकरा लाखांचा चित्रपट तरला असता, साडेसत्तावीस लाखांचा कोणत्याही परिस्थितीत तरला नसता. मुंबईच्या युनिटऐवजी गोव्यातलेच तंत्रज्ञ घेऊन, बारा दिवसांत आणि कमी जागांवर चित्रीकरण करणे शक्य होते. कथा तेवढीच राहिली असती.

जागा निवडण्यापूर्वी एक पूर्ण दिवस तिथे बसून नुसते ऐकायला हवे होते. तसे केले असते तर डबिंगचा बहुतेक खर्च वाचला असता. घर आम्ही रविवारी पाहिले होते, आणि रविवारी टिप्पर धावत नव्हते.

भाषेच्या रकान्याबद्दल मंडळात आजही एकमत नाही. ‘मराठी’ या शब्दामुळे दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यातून एकही खेळ मिळाला नाही, महाराष्ट्रातही चित्रपट गेला नाही, हे एका बाजूला. तर दुसऱ्या बाजूला, ज्या बावन्न ठिकाणी तो दाखवला गेला ती सगळी मराठी नाटकाची परंपरा असलेली गावे होती आणि त्यांनी तो मराठी म्हणूनच दारात घेतला, हेही तितकेच खरे. प्रमाणपत्रावर कोंकणी लिहिले असते तर त्यांतली किती दारे बंद झाली असती, हे सांगणे कठीण आहे. सुपाऱ्या ठरवणाऱ्या सभासदाच्या मते एकही नाही. सरांच्या मते निम्मी.

मंडळाने दुसऱ्या चित्रपटाची संहिता वाचायला घेतली आहे. अंदाजपत्रक साडेनऊ लाखांचे आहे, स्टिरिओ मिश्रण त्यात पहिल्यापासून धरले आहे, आणि कथेत प्राणी नाही. भाषेचा रकाना मात्र कोरा आहे. गेल्या बैठकीत मतदान झाले तेव्हा सात विरुद्ध सात पडले.